महागाई कुणाच्या पगाराने वाढते?

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी साडेदहाची वेळ. मी शाळेत निघायच्या गडबडीत. एका हातात डबा, दुसऱ्या हातात नववीच्या पेपरांचा गठ्ठा. नेमक्या त्याच वेळी भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "ताई, एक बोलायचं होतं. ह्या महिन्यापासून तीनशे रुपये वाढवा ना. तीन वर्षं झाली, अडीच हजारांवरच करतेय."

मी चपला शोधत होते. तोंडातून निघून गेलं, "अहो मावशी, सगळेच असं वाढवून मागायला लागले, तर महागाई वाढेल नाही तर काय होईल?"

मावशी काही बोलल्या नाहीत. नळ जरा मोठा सोडला, एवढंच.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले. आमच्या शाळेत मी अर्धवेळ शिक्षिका आहे. तासावर मानधन. किती तरी दिवसांत ते वाढलेलं नाही, म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा होता. 'वाढत्या महागाईचा विचार करता' असं पहिलंच वाक्य लिहिलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, सकाळी तू मावशींना जे सांगितलंस, तेच उद्या मुख्याध्यापकांनी तुला सांगितलं तर?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं, मुलांना महागाईची व्याख्याही मी फळ्यावर लिहून देते. पण महागाई नेमकी कुणाच्या पगाराने वाढते, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. मावशींच्या? माझ्या? आमच्या ह्यांच्या? की मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांच्या? त्या रात्री जमाखर्चाची वही काढली, आणि मग हा शोध बरेच दिवस चालला.

आधी मावशींचा हिशेब

सरकारी आकड्यांप्रमाणे किरकोळ महागाईचा सरासरी दर २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के, २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के होता. दर वर्षी दर खाली आला म्हणून आपण खूश होतो. पण दर खाली येणं म्हणजे किंमत खाली येणं नव्हे. किंमत वाढण्याचा वेग कमी होणं. हे तिन्ही आकडे एकावर एक चढवले, तर तीन वर्षांपूर्वीच्या शंभर रुपयांच्या सामानाला आता सुमारे ११७ रुपये ६० पैसे पडतात.

म्हणजे मावशींच्या २,५०० रुपयांचे नुसतं जागच्या जागी राहायला सुमारे २,९४० व्हायला हवे होते. त्यांनी मागितले २,८००. ज्याला मी 'वाढ' म्हणत होते, ती वाढ नव्हतीच. मागितलेले तीनशे मी हसत दिले असते, तरी त्या तीन वर्षांपूर्वीपेक्षा कमीच पगारावर काम करणार होत्या.

शिवाय हे सरासरीचं गणित. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून सरकार जो निर्देशांक काढत होतं, त्यात खाण्यापिण्याला शंभरातले जवळजवळ ४६ भाग दिलेले होते. मावशींच्या घरी पगारातला किती भाग पोटात जातो, ते तुम्हीच सांगा. डाळ-कांद्याच्या भावाने त्यांची महागाई आपल्यापेक्षा मोठीच असते.

लाटणी बाहेर पडली तेव्हा

सासूबाई १९७३ मध्ये लग्न होऊन गोरेगावात आल्या. नव्या नवरीचे दिवस, आणि पहिलं काम काय मिळालं? रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचं! १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. धान्य महाग, तेल महाग, डालडा गायब. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. सासूबाई म्हणतात, "आमच्या चाळीतल्या ज्या बायका नवऱ्याला विचारल्याशिवाय कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जात नव्हत्या, त्यासुद्धा मोर्चाला आल्या."

आणि त्याच सुमारास दूर अरबस्तानात तेलाचा भडका उडाला. ऑक्टोबर १९७३ मधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचं पिंप तीन डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. १९७४-७५ या वर्षात आपल्याकडच्या घाऊक किमती सरासरी २५ टक्क्यांनी चढल्या.

सरकारने तेव्हा काय केलं, ते आजच्या पिढीला माहीत नसेल. १९७४ मध्ये कायदा करून नोकरदारांची नवी पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेव म्हणून कापून घेतला. विचार असा, की बाजारात वस्तूच कमी असताना लोकांच्या हातात जास्त पैसे दिले, तर तेच पैसे त्याच वस्तूंमागे धावणार आणि भाव आणखी चढणार. पण लक्षात घ्या, त्याच वर्षी दुसरा कायदाही झाला. कंपन्यांनी भागधारकांना किती लाभांश वाटायचा, त्यावरही मर्यादा घातली. कामगाराने पोटाला चिमटा घ्यायचा तर भांडवलवाल्यानेही घ्यावा, एवढी लाज तरी त्यात होती. पुढे १९७५ ला पाऊसपाणी चांगलं झालं, पीक भरपूर आलं आणि १९७५-७६ मध्ये घाऊक किमती थोड्या उतरल्यासुद्धा. उतरवल्या नुसत्या पगारकपातीने नव्हे. धान्याने भरलेल्या कोठारांचाही त्यात मोठा वाटा होता.

तेल ताटात कसं येतं

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना गाडी ना स्कूटर, आम्हाला तेलाचं काय? पण नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात आणि तिथून बोरिवलीच्या भाजीगल्लीत येतो तो डिझेलवर. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी हे प्लास्टिकही तेलाचंच बाळ. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. तेव्हा तिकडे ठिणगी पडली की इकडे फोडणी महागते.

पण तेल स्वस्त झालं की फोडणी स्वस्त होते का? इथेच गोम आहे. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, जगात कच्च्या तेलाचं पिंप २० डॉलरच्याही खाली गेलं होतं. आपल्या पंपावर मात्र स्वस्ताई उतरली नाही, कारण केंद्राने पेट्रोलवरचं अबकारी शुल्क मे २०२० मध्ये लिटरमागे ३२ रुपये ९८ पैशांवर नेलं. तेल पुन्हा चढलं आणि २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. मग नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने, आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने थोडा थोडा कर उतरवला.

आपल्या रिक्षाचंच पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीएनजी महागला म्हणून मुंबईत किमान भाडं २१ चे २३ झालं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशी गॅसच्या किमतीला वरची मर्यादा घातली, सीएनजी उतरला. भाडं उतरलं नाही. फेब्रुवारी २०२५ पासून ते २६ झालं. मी रिक्षावाल्या भाऊंना दोष देत नाही. त्यांनाही घरभाडं आणि मुलांची फी आहेच. सांगायचं एवढंच, की महागाई चढताना लिफ्टने चढते आणि उतरताना जिन्याने उतरते. बरेचदा तर उतरतच नाही.

चाळीतली लॉटरी

आता तेलाच्या श्रीमंतीकडे येऊ. वर्गात मुलांना समजावायला मी एक गोष्ट केली आहे. एक चाळ आहे. रोज सकाळी कोळीणबाई दहा पापलेटं घेऊन येते. एक दिवस एका बिऱ्हाडाला मोठी लॉटरी लागते. ते बिऱ्हाड म्हणतं, "भाव विचारू नकोस, दहाही दे." दुसऱ्या दिवशी पापलेट दुप्पट. लॉटरी एका घराला, महागाई साऱ्या चाळीला!

तेच बिऱ्हाड जर कोळीणबाईला नवी होडी घ्यायला पैसे देईल, तर दहाची वीस पापलेटं येतील आणि भाव उतरेल. पैसे परगावच्या बँकेत ठेवून नुसतं व्याज खाईल, तर निदान चाळीतला भाव बिघडणार नाही. आणि समजा, त्याने चाळीतल्या खोल्याच विकत घ्यायला सुरुवात केली, तर? होड्या वाढवता येतात, खोल्या वाढत नाहीत. मग पापलेट सोडा, शेजाऱ्याला राहायची जागा परवडेनाशी होईल.

मैत्रिणींनो, सारं अर्थशास्त्र या चार वाटांत आहे. खाणं, होडी, परगावची बँक आणि खोल्या.

नॉर्वे देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्यातच ९३ लाखांहून अधिक माणसं होती! त्या चिमुकल्या देशाला १९६९ मध्ये समुद्रात तेल सापडलं. त्यांनी १९९० मध्ये कायदा करून एक निधी उभारला, १९९६ पासून त्यात पैसे टाकायला सुरुवात केली आणि नियम केला की हा पैसा देशाबाहेरच गुंतवायचा. एकदम घरात ओतला तर भाव भडकतील, हे त्यांनी ओळखलं होतं. वर्षाला निधीच्या सुमारे तीन टक्क्यांपर्यंतच खर्च करायचे, असा दंडक २०१७ पासून आहे. आज दर माणशी दोन कोटी रुपयांहून अधिक रक्कम त्या निधीत आहे. ही झाली परगावच्या बँकेची वाट.

आणि आपण? आपल्याही दारात लक्ष्मी आली होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये, तेलाचा भडका ऐन जोरात असताना, 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल शोधलं. मे १९७६ मध्ये 'बॉम्बे हाय'मधून तेल यायला लागलं. सासूबाईंना आठवतं, त्या दिवसांत लोकांना वाटायचं की आता मुंबईत नळाला रॉकेल येणार! तेवढं झालं नाही; पण परदेशी तेलाचं बिल खूपच हलकं झालं आणि तिथल्या गॅसवर अलिबागजवळ थळला खताचा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. खत म्हणजे धान्य. ही होडीची वाट, आणि ती योग्यच होती. मात्र पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा गल्ला आपण ठेवला नाही. गरीब घराला पगार हातात आला की आधी वाण्याची उधारी भागवावी लागते, तसंच ते.

त्याच काळात आखाती देशांत तेलाचा पैसा आला, तो आपल्या फिटर, वेल्डर, ड्रायव्हर आणि नर्सच्या हातून रत्नागिरी-रायगडच्या गावांपर्यंत पोचला. त्या पैशाने कर्जं फिटली, बहिणींची लग्नं झाली, कौलारू घरांच्या जागी पक्की घरं आली. पण ज्या गावात पैसा आला आणि धंदा आला नाही, तिथे तो जागाजमिनीतच गेला.

उपनगरातही निराळं काय आहे? आपल्या इमारतीचा पुनर्विकास होतो, मोठे फ्लॅट येतात. पण ज्याच्याकडे आधीच दोन घरं आहेत तोच तिसरं घेतो. त्याला ते 'गुंतवणूक' म्हणतात. आपल्या मुलांना मात्र अंधेरीत नोकरी आणि विरारच्या पुढे घर. ही खोल्यांची वाट.

मोठ्या साहेबांचा पगार

आता पगाराकडे. मला आधी वाटायचं, कंपन्यांचे साहेब कोट्यवधी घेतात म्हणूनच साबण महागतो. गणित करून पाहिलं. समजा एक कंपनी वर्षाला एक हजार कोटींचा माल विकते आणि तिच्या मोठ्या साहेबांना दहा कोटी पगार आहे. म्हणजे आपल्या एका रुपयात साहेबांचा वाटा एक पैसा. तो पगार उद्या शून्य केला, तरी चाळीस रुपयांच्या साबणात चाळीसच पैसे सुटतील.

कायद्यानेही थोडं कुंपण घातलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालक आणि व्यवस्थापकांचं एकूण मानधन नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत ठेवलं आहे. भागधारकांच्या मंजुरीने ते ओलांडताही येतं. पण एक फार चांगली तरतूद त्यात आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने प्रत्येक संचालकाचा पगार आणि कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याचा पगार यांचं गुणोत्तर दर वर्षी जाहीर करावं लागतं. सगळे कर्मचारी पगाराप्रमाणे रांगेत उभे केले, तर बरोबर मध्ये येईल तो 'मधला'. वार्षिक अहवालात हा आकडा असतो. एकदा वाचून पाहा, डोळे उघडतात.

तरी नुसता पगार पाहून भागत नाही. मुकेश अंबानी यांनी २००८-०९ पासून आपला वार्षिक पगार १५ कोटींवर थांबवला आणि २०२०-२१ पासून पुढे काही वर्षं पगार घेतलाच नाही. पण रिलायन्सचे निम्म्याच्या आसपास शेअर प्रवर्तक कुटुंब आणि त्यांच्या संस्थांकडे आहेत. शेअरचा भाव आणि लाभांश हीच तिथली खरी मिळकत. मोठ्या माणसाची श्रीमंती पगाराच्या पाकिटात नसते, मालकीत असते.

आणि महागाईशी नातं जुळतं ते इथे. साहेबांचं बक्षीस नफ्यावर आणि शेअरच्या भावावर ठरत असेल, तर कच्चा माल महागला की किंमत लगेच वाढवायची, आणि स्वस्त झाला की गप्प बसायचं, हा मोह होणारच. बिस्किटांच्या पुड्याची किंमत तीच राहते आणि आतली बिस्किटं कमी होतात, ती काय उगीच? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी जून २०२३ मध्ये दाखवून दिलं, की युरोपातल्या आधीच्या दोन वर्षांच्या महागाईत जवळजवळ निम्मा वाटा कंपन्यांच्या वाढलेल्या नफ्याचा होता. आपल्याकडेही तेल भडकल्यावर काही कंपन्यांना न मागता घबाड मिळालं, म्हणून सरकारने जुलै २०२२ मध्ये देशात निघणाऱ्या तेलावर आणि इंधनाच्या निर्यातीवर जादा कर बसवला. तो डिसेंबर २०२४ मध्ये काढला.

गंमत पाहा, त्याच नॉर्वेच्या निधीने, म्हणजे तेलाच्याच पैशाने, जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेस्ला कंपनीच्या इलॉन मस्क यांच्या प्रचंड मानधनाविरुद्ध मत दिलं. ठराव तरीही संमत झाला. पण मालकाने प्रश्न विचारायचा असतो, हे त्यांनी दाखवलं.

कुणाला वाढवता येतं, कुणाला नाही

इतकं वाचल्यावर मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. महागाई आली की प्रत्येकजण आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायला बघतो. कंपनी किंमत वाढवते. सरकार कर लावतं. रिक्षाचं भाडं सरकारी समिती वाढवून देते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता आहे. जानेवारी २०२५ पासून तो मूळ पगाराच्या ५५ टक्के झाला. आमच्या ह्यांच्या कंपनीत वर्षाला थोडी तरी वाढ मिळते. शेवटी ज्यांना ओझं पुढे ढकलायला कुणीच उरत नाही, त्या म्हणजे मावशी आणि तासावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाया. आणि मी तर मावशींना म्हणत होते, की महागाई तुमच्यामुळे!

आपल्या हातात काय आहे?

तेलाचा भाव आपल्या हातात नाही. पण या चार गोष्टी मी सुरू केल्या आहेत. तुम्हालाही जमतील.

१. वहीत नुसती किंमत लिहू नका, वजनही लिहा. अलीकडे बऱ्याच पाकिटांवर एका ग्रॅमची किंमतही छापलेली असते. तीच पाहून माल घ्या. मोठं पाकीट स्वस्त पडतंच असं नाही.

२. ठेवीचं व्याज आणि महागाईचा दर शेजारी शेजारी लिहा. सहा टक्के व्याज आणि सहा टक्के महागाई म्हणजे पैसे वाढले नाहीत, जागच्या जागी राहिले.

३. घरात कुणाच्या नावावर शेअर असतील, तर अहवाल रद्दीत टाकण्याआधी पगाराचं गुणोत्तर वाचा आणि मत देण्याचा कागद आला तर मत द्या. चार शेअरची का होईना, मालकीणच आहात तुम्ही!

४. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार दर एप्रिलमध्ये, त्यांनी न मागता, महागाईच्या दराने वाढवा. हा आपल्या घरचा महागाई भत्ता. राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालं आहे. त्यात त्यांची नोंदणी झाली आहे का, तेही विचारा.

मावशींचा पगार आम्ही २,९५० केला. हे म्हणाले, "साडेचारशे कुठून काढणार?" महिन्यातून दोनदा बाहेरून खाणं मागवत होतो, ते एकदाच मागवायचं ठरवलं. मुलं थोडी कुरकुरली, पण रविवारी घरच्या थालीपिठांवर ताव मारला. माझा शाळेतला अर्ज 'विचाराधीन' आहे. असू दे. त्यातलं पहिलं वाक्य मात्र मी बदललं नाही.

मावशींना मी तो सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. शंभराचे एकशे सतरा कसे झाले ते. त्यांनी पदराला हात पुसले, कागद दोनदा उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, मी अजून चार घरी करते. त्या वहिनींनापण हे गणित सांगाल का?"

त्या चार वहिनी कोण, ते मला ठाऊक नाही. कदाचित त्यांतल्या एक तुम्हीच असाल, म्हणून हे इथे लिहिलं.